विहिरीत सोडलेला कोळसा

तिसऱ्यांदा फवारूनही कपाशीतलं तण हिरवंगार उभं होतं. अनुसया तणनाशकाचा डबा घेऊन तणतणत कृषी केंद्रात शिरली आणि तो टेबलावर आपटत म्हणाली, "नकली औषध विकता काय हो, गुणवंतभाऊ?"

दुकानदार गुणवंतने डबा उघडूनही पाहिला नाही. "पाणी कुठलं मिसळलं?"

"गावविहिरीचं. आणखी कुठलं?"

"मग कसं मरेल तण? शेतातून विहिरीत उतरलेलं तणनाशक शोषून घ्यायला तुम्ही गावकऱ्यांनीच तर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कोळशाच्या टोपल्या विहिरीत सोडल्या. त्याची बारीक पूड पाण्यात असतेच. विहिरीतलं विष काय आणि पंपातलं औषध काय, तिला सारखंच. फवारायच्या आधीच औषध संपतं."

अनुसयाला हसावं की रडावं कळेना. तण वाढलं तर कपाशी हातची जाणार, आणि निंदणाला बायका तर मिळतच नव्हत्या. ती तडक विहिरीवर गेली आणि दोर ओढून एक टोपली काठावर आणली. चार दिवस टोपल्या बाहेर राहिल्या तर कोणाचं काय बिघडणार होतं?

तेवढ्यात तिची गरोदर सून पल्लवी प्यायचं पाणी भरायला कळशी घेऊन आली. "आई, टोपली वर कशाला काढली?"

अनुसया क्षणभर त्या कळशीकडे बघत राहिली.

"धुवायला," ती म्हणाली, आणि टोपली पुन्हा पाण्यात सोडली. "घरी जा आणि सासऱ्यांना सांग, खुरपं घेऊन शेतात या म्हणावं. पाठ दुखते म्हणाले तर म्हण, आईंचीही दुखते."