अडलेला हात

पाळकसाहेबांच्या तोंडून ‘विश्वास’ हा शब्द निघाला आणि तिचा हात पुन्हा हवेत अडला.

तशी खूण साधी होती. उजवा हात कपाळाला लावायचा आणि खाली आणून डाव्या हातात घट्ट धरायचा. चर्चच्या मंडळीत ऐकू न येणारे पाच जण होते. अकरा वर्षं ती त्यांच्यासमोर उभी राहून सगळी उपासना खुणांच्या भाषेत सांगत आली होती. पूर्वी हा शब्द हातातून आपसूक ओघळायचा. आता कपाळ आणि तळहात यांच्या अधेमधे कुठंतरी लटकून राहायचा.

पहिल्या बाकावरच्या मिस्त्रींनी डोळे मिटले. दर रविवारी, नेमके तेव्हाच. हे म्हातारे सुतार जन्मापासून बहिरे. पाळकसाहेबांच्या लांबलेल्या प्रवचनातून सुटायला आपल्याला नुसत्या पापण्या पुरतात, अशी थट्टा ते स्वतःच करत. पण हे मिटणं थट्टेतलं नव्हतं. यांनी आपलं बिंग ओळखलंय, तिच्या मनात आलं.

बिंग आठ महिन्यांचं होतं. धाकटा भाऊ दवाखान्यात असताना तिने देवाचे पाय धरले होते. भाऊ गेला. तिला देवाचा राग आला असता तरी चाललं असतं. पण रागवायलाही समोर कोणीतरी लागतं. पूर्वी भांडी घासताना ती पुटपुटायची तेव्हा वाटायचं, कोणीतरी कान देऊन ऐकतंय. आता नळाचा आवाज तेवढा यायचा. ते ऐकणारं कोणी परत मिळावं म्हणून तिचा जीव तुटायचा. पण मागायचं कोणाकडे?

उपासना संपली. बाकं रिकामी झाली. ती मिस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली.

“काका, आजचा माझा शेवटचा रविवार,” तिने हातांनी सांगितलं. “पाळकसाहेबांना कळवलंय. दुसऱ्या बाई येतील.”

“का गं?”

“जे माझं मलाच पटत नाही, ते तुमच्यापुढे खरं म्हणून मांडते. तुम्हालाही ते दिसतं. म्हणून तर डोळे मिटता.”

मिस्त्रींनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मनातलं बोलायचं तर त्यांना दोन्ही हात मोकळे लागत.

“इतकी वर्षं तुझा हात कुठंच अडला नाही,” ते म्हणाले. “तुझ्याकडे बघून वाटायचं, सगळ्यांना देवाची खात्री आहे, मीच एकटा कोरडा. यायचं बंद करणार होतो. तेवढ्यात तुझा हात अडला. म्हटलं, चला, सोबत मिळाली.”

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले. “मग डोळे का मिटता, काका?”

मिस्त्रींनी आपले घट्टे पडलेले हात पुन्हा उचलले. मग ते हात हळूहळू बोलू लागले.

“प्रार्थना करतो. चाळीस वर्षं या बाकावर बसतोय, स्वतःसाठी मागायला कधी जमलं नाही. तुझ्यासाठी मागता येतं.”