बरणीतली राख

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या दवाखान्यात चहा करणाऱ्या यशवंताने ओट्यावरच्या बरणीतल्या मूठभर राखेने काळं पातेलं घासलं. गावी बायको अशीच घासायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं. सिस्टर रूबी ओरडली, "यशवंत, ती माझ्या घरची राख आहे!" त्याने पातेलं खाली ठेवलं. "माफ करा, सिस्टर. कोण गेलं?" "गाव. कॅरिबियनमधल्या आमच्या बेटावर ज्वालामुखी फुटला. शाळा, चर्च, आईची चूल, सगळं या राखेखाली. संध्याकाळी बेटावरचे आम्ही पाच जण जमणार, म्हणून आणली." पातेल्यात पाहून तिला रडतानाही हसू फुटलं. "आमच्या चर्चला भांडी घासायला लावलंस रे!" यशवंताला बायकोची राख उचलवली नव्हती, ही बाई अख्खं गाव उचलून आली होती. त्याने पातेल्यातलं पाणी सिंकमध्ये ओतलं नाही. चपला काढून, गाळ बसेपर्यंत हात जोडून उभा राहिला.