आमेनच्या आधी

"कालपासून ती माणसं फाटकासमोर ताडपत्रीखाली उपाशी बसलीत," भाताच्या पातेल्याशी उभा असलेला शांतवन म्हणाला. "आधी त्यांना वाढू."

"आणि जेवणाचं आमिष दाखवून धर्मांतर करतात, अशी तक्रार आली तर?" उजागरे सर म्हणाले. "त्यांच्या झोपड्या नगरसेवकानेच पाडल्यात, निवडणूक तोंडावर आहे. चर्चच्या मंडळीला राजकारणात ओढू नकोस."

"भात वाढणं राजकारण झालं का, सर?"

चर्चच्या आवारात प्रीतिभोजनाची पंगत ताटकळली होती. वाद थांबावा म्हणून पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. माझी प्रार्थना छोटी असते.

अन्नाबद्दल उपकार मानून मी म्हणालो, "ज्यांना अन्न नाही, त्यांना..." पुढे 'तू दे' म्हणायचं, हे पन्नास वर्षांचं ठरलेलं. पण ती माणसं फाटकासमोरच होती. ते देवावर सोपवायला जीभ वळेना. धीर वगैरे नव्हता तो, मी नुसता अडखळलो. डोळे मिटून तसाच उभा राहिलो. आमेनशिवाय आमच्यात कुणी घास घेत नाही.

बऱ्याच वेळाने पातेलं हलल्याचा आवाज आला. पाहिलं, तर एका बाजूला शांतवन, दुसऱ्या बाजूला उजागरे सर.

"हळू चल," सर म्हणाले. "तक्रार आली तर माझंही नाव सांग."

दोघं फाटकाबाहेर पडले, तेव्हा मी आमेन म्हणालो.