केसांतली भुर्जी

संध्याकाळी दिराचा साखरपुडा होता आणि केतकीच्या केसांचा झाडू झाला होता. शेजारीण म्हणाली, "अंडं फेटून लाव, मऊ होतील." सासरच्या शुद्ध शाकाहारी घरात अंडं पर्समधून चोरून आलं. माहेरीही कुणी कधी अंडं शिजवलेलं नव्हतं, त्यामुळे केतकीने डोक्यावर गीझरचं कढत पाणी निर्धास्तपणे ओतलं.

केसांत भुर्जी झाली.

"अगं, पाहुणे पोचतील आता!" सासूबाईंनी बाथरूमचं दार वाजवलं. केतकीने रडवेल्या तोंडाने उघडलं. सासूबाईंनी केसांतला एक कण चिमटीत धरला, हुंगला आणि फणी आणली.

"अंड्यावर गार पाणी घ्यायचं असतं गं," त्या कुजबुजल्या.

"आई, तुम्हाला कसं माहीत?"

"मला तेव्हा कोंडा झाला होता, असं तुझे सासरे अजून समजतात."