चार बोटं कापड

“निळं नको, काळंही नको!” बाहेरच्या खोलीतून वडील ओरडले. “निळ्या-काळ्यावर तिकडच्या माश्या धावून येतात आणि कडकडून चावतात. पुस्तकात लिहिलंय.”

“खाकीच कापतेय हो,” आई म्हणाली. तिची कात्री थांबली नाही.

बाहेर फरशीवर आफ्रिकेचा नकाशा पसरला होता. गुंडाळून जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या आणि मधोमध वडील पालथे पडले होते. ते बस चालवायचे, रस्ता दिसला की त्यांना राहवत नसे. विमानतळापासून अभयारण्याच्या फाटकापर्यंतची वाट ते बोटाने पुन्हापुन्हा कापत होते, वळणावर तोंडाने हॉर्न देत होते. शेजारी मोठी लेक उशीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी होती. आणली होती जंगलातल्या उन्हासाठी, पण औषधांनी केस नेले तेव्हापासून ती घरातच घालायला लागली होती. झोपतानासुद्धा.

“बाबा, इथं लिहिलंय, कुठल्याही कारणाने गाडीतून खाली उतरू नये. हे खास तुमच्यासाठी आहे.”

“मी कशाला उतरतोय? मी ड्रायव्हरशेजारी बसून त्याचे गिअर बघणार. सिंह तुम्ही बघा.”

“आणि सिंह गाडीत चढला तर?” छोटीने विचारलं.

“चढू दे. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. आणि दारात उभं राहायचं नाही म्हणावं, आत सरका.”

दोघी खदखदून हसल्या. मोठीच्या हसण्याला शेवटी खोकला लागला, तो तिने उशीत दाबला. आत आईचा हात क्षणभर कापडावर तसाच राहिला. मग कात्री पुन्हा सरसरत निघाली.

डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला दोघांनाच आत बोलावलं होतं. “तिला जिथं जावंसं वाटतं तिथं घेऊन जा. पुढच्या वर्षावर टाकू नका,” एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या जिन्यातच दोघांनी ठरवलं की मुलींसमोर आवाज कापू द्यायचा नाही. तेव्हापासून वडील पुढच्या वर्षाबद्दल जरा जास्तच बोलायला लागले होते. या वर्षी सिंह, पुढच्या वर्षी देवमासे. मोठी मान डोलवायची. तिने कधी काही विचारलं नाही, म्हणजे तिला काही कळलेलं नाही, असं धरून घर चाललं होतं.

आई गल्लीभरच्या पोरांचे कपडे शिवायची. वाढत्या अंगाचा कपडा असला की खाली चार बोटं कापड ती आत दुमडून ठेवायचीच. पोर वाढलं की टीप उसवायची, कपडा पायाबरोबर खाली उतरायचा, जुन्या दुमडीची फिकट रेघ तेवढी मागे राहायची. मोठी तर शिवणयंत्राखालीच वाढलेली. आपल्या परकरावरच्या रेघांवर बोट ठेवून ती सांगायची, एवढी मी पहिलीत होते, एवढी दुसरीत. दुमडीला टीप घालताना आई नेहमी गुणगुणायची:

वाढ वाढ बाई, वाढ वेलावाणी,
पुढल्या सालाची उंची ठेवली दुमडुनी.

आज शिवणयंत्र चाललं होतं, पण गुणगुणणं नव्हतं. ते आईच्याही ध्यानात आलं नाही. तिचे कान बाहेरच्या खोकल्याकडे होते. हात आपले आपण चालले होते.

संध्याकाळी तिने मुलींना आत बोलावलं. छोटीने पँट चढवली, खालची जाड दुमड घोट्यावर थपथप आपटत ती खोलीभर फिरली. मग खाली पडलेली खाकी कापडाची लांब पट्टी उचलून तिने नाकाला धरली आणि हत्ती होऊन भिंतीला धडक द्यायला निघून गेली.

मोठीने भिंतीचा आधार घेत पँट घातली. बरोबर बसली, जशी काही अंगावरच बेतली असावी. मग ती खाली बसली आणि जन्माच्या सवयीने तिचं बोट दुमडीकडे गेलं.

बोट थांबलं. आत काही नव्हतं. टीप बसायला लागतं तेवढंच कापड, नखाएवढं. तिने दुसरा पाय चाचपला. तिथंही तसंच.

आईने ते बोट पाहिलं आणि आपल्या हातांनी काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तिच्या तोंडून घाईने निघालं, “कापड कमी पडलं गं.”

मोठीने मान वळवली. दारात छोटी उभी होती. तिची सोंड नाकापासून जमिनीपर्यंत लोळत होती, वर आणखी हातभर कापड फरशीवर घसटत होतं.

आईचा धक्का लागून शिवणयंत्राचं चाक थोडंसं फिरलं आणि थांबलं. आई खाली बसली. उसवायला तिने हात पुढे केला, पण मोठीने तो वरच्यावर धरला आणि आपल्या गालाला लावला.

“मोठे!” बाहेरून वडिलांची हाक आली. “झाली का पँट बरोबर? आईला म्हणावं, भरपूर कापड सोड आत. पुढच्या वर्षी देवमासे बघायला हीच घालायची आहे!”

आईने बोलायला तोंड उघडलं. मोठीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“बाबांना दाखवू नकोस हं,” ती कुजबुजली. मग टोपी नीट केली, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि मोठ्याने ओरडली, “सोडलंय बाबा, खूप सोडलंय! मी कितीही वाढले तरी पुरेल!”