आत्याचा मान

"दोनच अक्षरी पाहिजे," मोहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

रविवार होता. सिंदी मेघेतल्या साकेतच्या घराच्या व्हरांड्यात बांबूच्या टोपलीत कुत्र्याचं पिल्लू बसलं होतं. साकेत हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. काल संध्याकाळी तो ते तिथून घेऊन आला. पिल्लाच्या कानामागे अजून कापूस चिकटलेला होता. साकेतची आठ वर्षांची इला वही घेऊन टोपलीशेजारी बसली होती. वहीत पिल्लासाठी चौदा नावं होती.

"दोनच काऊन?" इलानं विचारलं.

"हाक मारताना तुटत नाई. अन शेवटचं अक्षर लांबवता आलं पाहिजे. नाई तर आवाज कोपऱ्याच्या पुढं जात नाई."

मोहिनी साकेतची बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नवव्या दिवशी गेलं, बारशाला तीन दिवस उरले असताना. नाव ठरलेलं होतं. बाळ जाऊन आता दीड महिना झाला होता. मोहिनी रडली नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची.

इला फाटकापाशी गेली आणि तिनं पहिलं नाव ओरडून पाहिलं. "ब्रुनोऽऽ!"

समोरच्या प्रभाकररावांचा ब्रुनो धावत येऊन फाटकाबाहेर उभा राहिला.

"खोड ते," साकेत म्हणाला.

"मोत्या म्हना अन मोकळे व्हा," विमलाबाई म्हणाल्या. त्या साकेतची आणि मोहिनीची आई. "आमच्या तळेगावले सगळे मोत्याच होते. एक हाक मारली का पाच यायचे."

"मंग चोर तर आलाच नसन कधी!" साकेत म्हणाला.

"आलता ना. त्याच्याच मागं गेलते पाचही."

साकेत मोठ्यानं हसला. मोहिनीकडे नजर जाताच थांबला.

इला परत आली. "असं बसल्या बसल्या नाव नाई ठेवत, आजी. बारसं करावं लागते. अन नाव आत्या ठेवते. हा माहा भाऊ हाये, म्हणजे मोहिनीआत्या त्याची आत्या."

साकेतची बायको चारुता तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "इला, ऊठ. वही आत ठेवून ये."

"काऊन पण?"

"कुत्र्याचं बारसं नसते करत, बाई," विमलाबाई घाईनं म्हणाल्या.

"राहू द्या," मोहिनी म्हणाली. "आत्याचा मान हाये. दे इकडं."

इलानं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं. मोहिनीचा डावा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला. त्या मानेला आधार नको होता. पिल्लानं ती वळवली आणि तिचं बोट चाटलं. तिनं हात काढला नाही.

उजव्या हातात वही घेऊन तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वरपासून. चारुताला यादीची भीती नव्हती. यादीत नसलेलं एक नाव मोहिनीला ठाऊक होतं, त्याची होती.

मोहिनी वाकली. पिल्लाचा कान दोन बोटांनी वर धरला. "कुर्रर्र," ती म्हणाली आणि पुढचं अगदी हळू बोलली.

"काय ठेवलं? आत्या, काय ठेवलं?"

"शेरू."

यादीतलं सातवं नाव होतं. चारुतानं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "वा! शेरू! जमलं," साकेत गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं म्हणाला.

इला पुन्हा फाटकाशी पळाली. "शेरूऽऽ!" आवाज कोपऱ्याच्या पलीकडे गेला. कोणी आलं नाही.

"मस्त जाते आवाज!" ती धावत परत आली. "आता बुक्क्या!"

कानात नाव सांगून झालं की सगळ्यांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या मारायच्या, हे तिनं शेजारच्या बारशाला पाहिलं होतं. मोहिनी पिल्लू घेऊन तशीच वाकून बसली होती. कोणी जागचं हललं नाही. दीड महिना त्या घरात तिच्याजवळ कोणी भांडंसुद्धा आपटलं नव्हतं.

इलानं दोन बुक्क्या मारल्या. "लागलं, आत्या?"

"नाई."

तिनं दात आवळून आणखी एक मारली. "आता?"

"नाई."

"आई, तू मार ना! बाबा, तुम्ही पण!"

साकेत फाटकाकडे बघत राहिला. चारुता उठली. तुरीची फोलं लागलेले हात पदराला पुसून तिनं मोहिनीच्या पाठीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"असं काय वो वहिनी, धूळ झटकल्यावानी," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "जोरानं मारा."

चारुतानं सासूकडे पाहिलं.

"लागूनच नाई राह्यलं मले, आई," मोहिनी म्हणाली. "मार ना."

विमलाबाई उठल्या. लेकीच्या मागे जाऊन बसल्या. पदर कमरेला खोचला आणि मूठ वळली.