नादुरुस्त माशी

सकाळच्या गारठ्यात अन्विता कड्याच्या धारेवर पालथी पडून कॅमेऱ्याला डोळा लावून होती. समोर सोनकीच्या फुलावर एक यंत्रमाशी बंद पडली होती. अशा नादुरुस्त माश्यांचे अगदी जवळून फोटो घ्यायचे, पाठीवरचा क्रमांक टिपायचा आणि माशी उचलून डबीत टाकायची, हीच तिची नोकरी. जिवंत मधमाशी दिसून बावीस वर्षं झाली होती. फुलांच्या परागीभवनाची सगळी कामं आता यंत्रंच करत.

"धाकलूमामा, हिचा क्रमांकच दिसत नाही," ती वाटाड्याला म्हणाली. "अंगावर केसांसारखं काहीतरी चिकटलंय."

सवयीने तिने माशी चिमटीत धरली आणि किंचाळली. बोटात निखारा शिरावा तशी आग झाली. माशी गवतात पडून पाय झाडू लागली. बोटात बारीक काटा रुतला होता.

"यंत्राला काटा कशाला बसवतील?" तिने विचारलं.

सत्तरीचे धाकलू झोरे गवतातल्या माशीवर वाकले. "ताई, ही आग्या मोहोळाची माशी, गारठ्यानं बधिरलेली. डंख मारला की मरते ती."

अन्विता उठून बसली. "म्हणजे शेवटची माशी मी मारली?"

"शेवटची कशी? आग्याची माशी कधी एकटी नसते. डंखाच्या वासावर बाकीच्या येतात."

कड्याच्या पोटातून घोंघाट वर येऊ लागला.

"पळा, ताई!" धाकलू ओरडले. स्वतः मात्र ते कड्याकडे तोंड करून, हात जोडून उभेच होते.